सगळ्यांना सारखा पाइप

पाइपाच्या दुकानात दोन गोष्टी साठत जातात. एक म्हणजे चुकीच्या मापाचे तुकडे. गिऱ्हाईक सकाळी घेऊन जातं आणि संध्याकाळी चिखल लावून परत आणतं. दुसरी म्हणजे तो तुकडा चुकीचा का ठरला त्याची हकिकत. तुकडे शेठ मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये टाकतात आणि हकिकती माझ्याकडं येतात. शेड केव्हाच भरलंय. मीही भरत आलोय.

मी भूमला पाइप-फिटिंगच्या दुकानात काउंटरला बसतो. इतक्या वर्षांत एक गोष्ट बघितली. माणूस चप्पल घेताना पाय घालून बघतो, टोपी घेताना आरशात बघतो, सोयरीक करताना तर मुलीच्या चुलत्याच्या मेव्हण्याचीसुद्धा चौकशी करतो. पाइप घेताना मात्र फक्त शेजाऱ्याकडं बघतो. "त्यांनी कितीचा नेला? मग मलाबी तेवढाच द्या." त्याची विहीर कुठं, याची विहीर कुठं. त्याला उतार, याला चढ. काही संबंध नाही.

यात हसण्यासारखं पुष्कळ आहे आणि मी हसतोही. पण यंदा यात माझी आक्का सापडली, त्यामुळं हसू अर्ध्यावरच थांबतं.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आमच्या मूळ गावाबाहेर, ओढ्यापलीकडच्या माळवस्तीवर राहते. गावाचं नाव सांगत नाही, सांगितलं तर गिऱ्हाईक तुटेल. मेव्हणे गेले. पोरगा दिलीप पुण्याला कंपनीत. मागं उरलं काय, तर आक्का, दोन म्हशी आणि खव्याची कढई. बोअर आटला, आणि टँकरमागं घागरी घेऊन पळायचं तिचं वय राहिलं नाही. दिलीप दर फोनला म्हणतो, "आई, चल." गेल्या दिवाळीत आक्कानं त्याला तोडून सांगितलं, "नळाची स्कीम आलीया. गुढीपाडव्यापर्यंत दारात पाणी आलं तर मी हितंच मरणार. न्हाय आलं तर म्हशी इकून तुझ्या फ्लॅटात येऊन बसते."

म्हणजे आक्का राहणार की जाणार, ते पाइपाच्या मापावर आलं. आणि पाइपाच्या मापाबद्दल आमच्या भागातली अक्कल काय आहे, ते माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

*

उदाहरणार्थ, एक काका. माप आणायचं म्हणजे काय करायचं हे त्यांना मीच सांगितलं होतं. "पाइपाला हातानं गोल धरा, अंदाज घ्या." मला वाटलं, अंदाज घेतील आणि येऊन सांगतील.

काका दोन्ही हातांच्या बोटांचा गोल करून तो तसाच धरून एसटीत चढले. कसे चढले ते विचारू नका. कंडक्टर आला. काका म्हणाले, "तुमीच खिशात हात घाला. माझं माप मोडंल." कंडक्टरनं खिशात हात घालून तिकीट दिलं. नाकावर माशी बसली, ती शेजारच्या बाईनं उडवली. स्टँडवर उतरताना दोघांनी बखोटीला धरून खाली घेतलं. बाजाराचा दिवस, गर्दीतून काका तो गोल डोक्यावर धरून दुकानापर्यंत आले.

शेठ गादीवर होते. शेठ म्हणजे रीतीभातीचा माणूस. उठून उभे राहिले, हात जोडले. "या काका, रामराम."

काकांनी हात जोडले.

काका आपल्या जोडलेल्या हातांकडं बघत राहिले. मग म्हणाले, "तुमच्या रामरामापायी माझी एक फेरी गेली बघा," आणि आल्या एसटीनं परत गेले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, पुन्हा तोच गोल धरून. आणि दुकानाच्या पायरीवरूनच ओरडले, "शेठ, बसूनच राव्हा. नमस्कार करू नगा."

*

आमच्याकडं एक शास्त्र आहे. कुठल्या शाळेत शिकवत नाहीत, पण सगळ्यांना पाठ आहे. बागेला पाणी देताना नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी लांब उडतं. त्यावरून ठरलं ते असं, की पाइप जितका बारीक, तितका फोर्स जास्त. अहो, अंगठा फक्त तोंडाशी असतो, मागची सगळी नळी जाडच असते, हे मी सांगत बसतो. लोक शांतपणे ऐकून घेतात आणि बारीक पाइप मागतात.

नाना म्हणून आमचं जुनं गिऱ्हाईक. विहीर एकीकडं आणि लिंबाची बाग पार दुसऱ्या टोकाला. तीन इंची पाइप होता. बागेत पाणी जरा मंद पडायचं. नानांनी फोर्ससाठी अडीच इंची नेला. पाणी आणखी मंद झालं. मग दोन इंची नेला. मग दीड.

मी हात जोडले. "नाना, उलट्या दिशेनं चाललाय."

नाना म्हणाले, "भानूभाऊ, डोस वाढवल्याबिगर गुण येतोय का?"

शेवटी एक इंची टाकला. बागेत पाणी पोचायचंच बंद झालं. पंपात तेच ते पाणी घुसळून घुसळून इतकं तापलं, की गडी पंपाच्या कॉकाला पातेलं लावून चहाचं आधण घ्यायला लागले. मी बघायला गेलो तर नानांनी मलाही कप दिला. लिंबाची झाडं वाळून खराटा झालेली.

"बाग गेली," नाना म्हणाले. मग कपाकडं बघून म्हणाले, "पण चहा बघा, कसा फोर्समधी झालाय."

*

पाणी निदान दिसतं तरी. गॅस दिसत नाही, त्यामुळं तिथं अकलेला रान मोकळं.

भूमला खवा होतो, हे तुम्हाला सांगायला नको. एका खवेवाल्यानं लाकडाच्या भट्ट्या मोडून गॅसच्या शेगड्यांची रांग लावली. सिलिंडर दाराशी आणि शेगड्या ओळीनं पार मागच्या भिंतीपर्यंत. पाइप मागितला करंगळीएवढा.

मी म्हटलं, "एवढ्या शेगड्यांना हा पुरायचा नाही. जाड न्या."

तो म्हणाला, "भानूभाऊ, पाणी जड, त्याला जाड पाइप. गॅस हलका. त्याला कशाला एवढा मोठा रस्ता?"

मी करंगळीएवढा पाइप कापून दिला. अशा प्रश्नांना मुळात उत्तर नसतं.

पहिल्या शेगडीवर जाळ असा, की कढई दोघांनी दाबून धरावी. मधल्या शेगडीवर बरा. भिंतीजवळच्या शेवटच्या शेगडीवर उदबत्ती. पहिल्या गड्याचा खवा होऊन तो जेवून घोरायला लागला, तरी शेवटचा दूध हलवतोच आहे. एकदा तर त्याचं दूध कोमट राहून राहून संध्याकाळी दही लागलं.

खवेवाल्यानं पाइप बदलला असेल असं तुम्हाला वाटेल. त्यानं नियम बदलला. आता कामाला जो उशिरा येईल त्याला शेवटच्या शेगडीवर बसवतात. तिला तिथले लोक अंदमान म्हणतात.

*

बरं, जाड पाइप घेतला म्हणजे सुटलो, असंही नाही.

येडशीकडच्या एका हौशी गृहस्थांनी बंगला बांधला. बंगला मोठा, तर पाइपही मोठा. गच्चीवरच्या सोलरपासून खालच्या न्हाणीघरापर्यंत त्यांनी चार इंची पाइप टाकून घेतला. मी फोनवर सांगत होतो, "साहेब, घराला एवढा लागत नाही." ते म्हणाले, "लागत नसला तरी असू दे. पाहुणे येतात."

बारीक नळीत गार पाणी थोडंसंच उभं असतं. तेवढं सोडून दिलं की मागनं गरम येतं. यांच्या पाइपात हौदभर गार पाणी उभं. ते निघेस्तोवर पहिल्याची आंघोळ उरकलेली असायची. मग घरात ठरूनच गेलं, की पहिली आंघोळ गड्यामाणसानं करायची, ती पण अंग चोरून.

दिवाळसणाला नवा जावई आला. पहाटे पहिल्या आंघोळीचा मान अर्थात जावयाचा. उटणं लावलं, ओवाळलं, पाटावर बसवलं आणि वरून कॉक सोडला. चार इंचीची धार, दिवाळीतली पहाट आणि रात्रभर पाइपात निवलेलं पाणी.

जावई ओरडला नाही. घराणं चांगलं. तो नुसता उठून अंग पुसायला लागला. दिवसभर घोंगडी पांघरून उन्हात बसला.

आता दर दिवाळीला सासरे फोन करतात, "कधी येताय?" जावई एवढंच विचारतो, "पाइप बदलला का?"

*

आता आमच्या गावाकडं येतो. इथून पुढं मला हसू येत नाही, तुम्ही हसा.

टाकी बांधली शाळेमागच्या उंचवट्यावर. गाव टाकीच्या पायाशी. माळवस्ती ओढा ओलांडून लांब, आणि जमीन चढती. टाकी वस्तीपेक्षा जेमतेम उंच. स्कीमच्या साहेबांनी हिशेब करून आणला होता. गावातल्या गल्ल्यांना एक इंची पाइप, माळवस्तीला तीन इंची. साहेब तरुण होते. हिशेब बरोबर असला की काम होतं, असं त्यांना अजून वाटायचं.

त्यांनी हे ग्रामसभेत वाचून दाखवलं आणि खालच्या गल्लीतले बाबूराव उठले. त्यांचं घर टाकीला इतकं लागून, की टाकीची सावली दुपारी त्यांच्याच अंगणात.

"त्यास्नी तीन इंची आन आमाला एक इंची? का? आमी काय गावाचं सावत्र हाव का?"

साहेब समजावायला लागले. उंची, अंतर, घर्षण. घर्षण म्हटल्यावर मागचे लोक तंबाखू मळायला लागले. मग मी उठलो. म्हटलं, "बाबूराव, पाणी लांब जाताना पाइपाच्या अंगाला घासत घासत जातं. दमतं. वाट जितकी लांब, तितका रस्ता रुंद लागतो. तुमच्या दारात ते न दमता येतंय."

"आमचं पाणी दमत न्हाय, म्हणून आमच्यावर अन्याव करायचा व्हय?" बाबूराव म्हणाले. सभेनं टाळ्या वाजवल्या. कुणीतरी मागून म्हणालं, "तीन इंची दिला तर माळवाले एका दमात टाकी वढून नेतील."

सरपंच उठले. सरपंच म्हणजे सगळ्यांना धरून चालणारा माणूस. ते म्हणाले, "हे बघा, ह्या गावात भेदभाव चालणार न्हाय. टाकीखालचा असू द्या न्हायतर माळावरचा. सगळ्यांना सारखा पाइप. एक इंची. मंजूर असंल त्यानं हात वर करा."

सगळे हात वर गेले. मी मागं वळून बघितलं. बायकांच्या घोळक्यात आक्काचाही हात वर होता.

बाहेर आल्यावर मी तिला धरलं. "आक्का, तू कशाला हात वर केलास? त्यात तुझंच पाणी गेलं."

"समदे करत हुते," आक्का म्हणाली. "मी एकलीनं खाली ठेवला असता तर उद्या माझ्याशी कुणी बोललं असतं का?" थोडं पुढं जाऊन थांबली. "आन तुझं म्हणशील, तर तू खरं कवा बोलतूस ते मला लहानपणापास्नं वळखू येत न्हाय, भान्या."

*

मी साहेबांना गाठलं. ते ओढ्याजवळ एका दगडावर बसून बिस्किटं खात होते. म्हटलं, "साहेब, गपचूप तीन इंची पुरून टाका. माती लोटल्यावर कोण बघतंय?"

साहेब म्हणाले, "काका, मी तीन इंची पुरला तर गाव तो उखडून काढेल. एक इंची पुरला तर निदान पाइप तरी जागेवर राहील."

"आणि पाणी?"

त्यांनी बिस्किटाचा पुडा माझ्यापुढं केला. म्हणाले, "पाण्याबद्दल ग्रामसभेत कुणी विचारलंच नाही."

*

जोडणी आमच्याच दुकानाच्या सिकंदरभाईकडं होती. सिकंदरभाई पंचवीस गावांतला नावाजलेला फिटर. सरपंच त्याला म्हणाले, "माळवाल्यांची तक्रार नगं. त्यांच्या शेवटच्या तुकड्याला अर्धा इंची लाव, म्हंजे फोर्स येईल."

मी म्हटलं, "सिकंदरभाई, तुला कळतंय ना हे काय चाललंय?"

"भानूभाई," सिकंदरभाई पान्यानं पाइपाची चुडी आवळत म्हणाला, "हम फिटर लोगां. गाव बोलेगा तो पाइप को गाठ बी मार देंगे."

उद्घाटन आक्काच्याच दारात ठेवलं. वस्तीतलं सगळ्यात लांबचं घर, म्हणून मान तिला. नारळ फुटला, नळाला हार घातला. खाली टाकीचा कॉक सोडल्याचा फोन आला. सरपंचांनी नळ फिरवला.

सूं करून हवा सुटली. पाइपातली सगळी हवा त्या अर्ध्या इंचातून बाहेर पडत होती. हाराच्या पाकळ्या उडाल्या, सरपंचांची टोपी मागं सरकली.

"बघा," सरपंच म्हणाले, "फोर्स."

टाळ्या झाल्या. थोड्या वेळानं हवा बंद पडली. आता पाणी येईल म्हणून आक्का घागर धरून वाकली होती, ती तशीच वाकून राहिली. खाली गावात घरोघर नळ सोडलेले. पाणी तिथंच वाटलं गेलं होतं.

सरपंचांनी नळात डोळा घालून बघितलं. "पयला दिवस हाय," ते म्हणाले. "पाण्याला वाट वळखीची न्हाय अजून."

*

पाण्याला वाट ओळखीची झालीच नाही. पण हवेला झाली. रोज सकाळी टाकीचा कॉक सुटला, की आक्काच्या नळातून सूं सुरू. मग बंद. दुसऱ्या दिवशी पुन्हा.

आता हे तुम्हाला खोटं वाटेल. मी काहीही सांगितलं तरी तुम्हाला खोटंच वाटतं, तेव्हा सांगतोच. मी एकदा सकाळी वस्तीवर गेलो, तर आक्कानं चूल घरातून काढून नळाखाली मांडलेली. वर खव्याची कढई. नळाची हवा बरोबर निखाऱ्यांवर, आणि जाळ असा, की भूमच्या त्या पहिल्या शेगडीनं बघत राहावं.

"हे काय गं?"

"पाणी न्हाय तर न्हाय," आक्का दूध हलवत म्हणाली. "गावानं फुंकणी तरी दिली दारात."

खवा झकास उतरला. पण म्हशी काही वाऱ्यावर जगत नाहीत. त्यांच्या पाण्यासाठी आक्का ओढा उतरून बाबूरावांच्या दारात जायची. त्यांचा नळ सताड वाहायचा, अंगणातून रस्त्यावर, रस्त्यावरून गटारात. बाबूराव वाईट माणूस नाही. स्वतः घागर उचलून तिच्या डोक्यावर द्यायचे. "न्या आक्का, पाहिजे तेवढं न्या. पाइप तर दोघांचा सारखाच हाय. तुमच्याकडं का येत न्हाय, कुणाला ठावं."

मी सरपंचांकडं गेलो. म्हटलं, "पाडवा जवळ आला. आक्का चालली. तेवढी एक लाइन बदला."

सरपंचांना खरंच वाईट वाटलं. त्यांनी चहा सांगितला. म्हणाले, "भानुदासराव, एकट्या माळवस्तीची कशी बदलू? बदलायची तर सगळ्यांची बदलावी लागंल. सगळ्यांना तीन इंची."

*

पाडव्याच्या आधी म्हशी गेल्या. बाबूरावांनीच घेतल्या, त्यांच्या दारात पाणी होतं.

पाडव्याला दिलीप गाडी घेऊन आला. आक्कानं सकाळी नेहमीसारखी गुढी उभारली, पुरणाचं केलं, संध्याकाळी गुढी उतरवली. साडी घडी करून पिशवीत ठेवली. कढई न्यायची म्हणाली. दिलीप म्हणाला, "आई, फ्लॅटमध्ये एवढी कढई कुठं ठेवणार?" मग कढई माझ्याकडं आली.

शेजारच्या बायका येऊन भेटून गेल्या. सरपंच येऊन गेले, पाया पडले. बाबूरावांनी म्हशीच्या दुधाचा तांब्या पाठवला होता. आक्कानं तो पुढं करून मला म्हटलं, "पी." मी प्यालो. ती नाही प्याली.

दिलीपनं गाडी सुरू केली. आक्कानं दाराला कुलूप घातलं, किल्ली माझ्या हातात दिली. मग पायरी उतरता उतरता मागं फिरली आणि अंगणातल्या नळाची तोटी पूर्ण उघडून ठेवली. आत काही नव्हतं. हवासुद्धा नव्हती.

दिलीपनं काच खाली केली. "आई, नळ उघडा राहिला."

"राहू दे."

"अगं, पाणी येत नाही, आणि घरात कोणी..."

"बंद दिसला तर पाण्याला वाटंल, घरात कुणी न्हाय."

असं म्हणून तिनं कुलूप पुन्हा एकदा ओढून बघितलं आणि गाडीत जाऊन बसली.